दुधीची भाजी आणि बाबांची भूक

आज बाबांनी ताटातल्या दुधीच्या भाजीकडे रागानं पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

किडनीच्या दुखण्यात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि भूक गेली. आई भाज्या उकळून पाणी फेकून देते, मीठ नावापुरतं घालते. आयुष्यभर तिच्या स्वयंपाकात खोट काढणारे बाबा दोन घास खाऊन म्हणायचे, "छान झालंय." ते 'छान' ऐकून आमचं धाबं दणाणलं. शेवटी डॉक्टरांनी एक गोळी दिली. खरं तर ती उदासीवरची, पण तिनं काहींना भूकही लागते, म्हणाले.

"मला काय वेड लागलंय का?" असं म्हणत बाबांनी ती घेतली.

भूक पोटात राहते, असं मी समजत होतो. पण माणसाच्या तिरकसपणातही ती थोडी राहत असावी. तो परतला की मागोमाग तीही येते.

"ही भाजी आहे की पोटीस?" बाबा गरजले आणि त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

आई तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, रडतेय. जाऊन पाहिलं तर ती आत्याशी फोनवर बोलत होती.

"अहो वन्सं, पेढे वाटा! आज यांनी माझ्या भाजीला नावं ठेवली!"