चिमणीचा पत्ता

लिफ्टची पॅनेल बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात वायरमनपासून मालकापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. पॅनेलमधल्या चिपचं सर्किट ती लिहायची. हो, लिहायचीच, हल्ली सर्किट शब्दांत लिहितात आणि कंपायलर ते तपासून पुढच्या कामाला तयार करून देतो. भावाच्या बायकोला या नोकरीला लावलं तेही तिनेच, मालकांच्या अगदी खनपटीला बसून. आता रोज मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेत होती.

कारण भावजय हुशार निघाली. आल्या आल्या तिने महागड्या सॉफ्टवेअरला रामराम ठोकायला लावला आणि कुणालाही उघडून बघता येईल असा मुक्त कंपायलर कारखान्याच्या कॉम्प्युटरवर स्वतः बांधला. ज्या फोल्डरात बांधला त्याला नाव दिलं 'चिमणी'. भाऊ तिला घरी याच नावाने हाक मारायचा. झालं! सर्किट तपासायला टाकलं की पडद्यावरच्या पत्त्यात चिमणी, चूक निघाली की चिमणी. घरी जेवताना चिमणी ऐकायची आणि इथे येऊन वाचायची. ताईचं डोकं उठायचं. तिला स्वतःला भावाने कधी एक टोपणनावसुद्धा ठेवलं नव्हतं.

एका सकाळी कुणी यायच्या आत तिने त्या फोल्डरचं नाव बदलून 'अवजारे' केलं. कंपायलर सुरू करून पाहिला. त्याने निमूटपणे आपल्या आवृत्तीचा क्रमांक सांगितला. ताईच्या जिवाला कोण गारवा वाटला! त्या आनंदात सर्किट टाकून बघायचं मात्र राहिलं.

त्याच दुपारी मोठा ग्राहक येणार होता. लिफ्टचं दार बंद होता होता उगाच पुन्हा उघडायचं. ती खोड भावजयीने सर्किट सुधारून घालवली होती. ते एकदा दाखवून झालं की नव्या पॅनेलचं काम कुणाकडे जाणार, हे मालक सांगणार होते. ताईचा सगळा जीव त्या कामात अडकला होता.

भावजयीने सर्किट टाकलं. पडद्यावर लाल ओळ आली: प्रमाण लायब्ररी सापडत नाही.

शून्य म्हणजे काय, एक म्हणजे काय, हे त्या लायब्ररीत लिहिलेलं असतं. ती नसेल तर कंपायलर ठार अडाणी.

"अगं, ग्राहक खाली गाडी लावतोय!" मालक ओरडले.

"काल तर चालत होतं हो," भावजय रडकुंडीला आली.

ताई चपापली. खरं सांगायचं तर मनातून थोड्या गुदगुल्याही झाल्या.

"ताई, तुम्हीच बघा आता."

ताई बसली. लायब्ररी कुठे शोधली, तेही कंपायलरने खाली लिहिलं होतं: चिमणी. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बांधतानाच लायब्ररीचा पत्ता याच्या पोटात कोरला गेला होता. बिऱ्हाड हललं होतं आणि हा जुनंच दार ठोठावत बसला होता. तिने नवा पत्ता सांगणारी एक ओळ लिहिली. सर्किट पुन्हा टाकलं, तर लाल ओळ आली नाही. टेबलावरच्या छोट्या नमुना-लिफ्टचं दार सुळकन बंद झालं आणि बंदच राहिलं.

"अनुभव तो अनुभव!" मालक खूश. "नवं पॅनेल तुमचंच समजा."

भावजय मात्र पडद्याकडे बघत होती. वर जुना पत्ता चिमणी, खाली ताईने लिहिलेला नवा, अवजारे. ती ताईच्या कानाशी वाकली.

"वन्सं, नाव खटकत होतं तर सांगायचं की. मीच बदललं असतं." चिडवायचं असलं की ती ताईला वन्सं म्हणायची. मग सरळ होऊन मोठ्याने म्हणाली, "खरंच, ताईंनी लाज राखली."

हे मात्र ताईला सोसवेना. हुशारी हिची, भाऊ हिचा, आणि आता मोठं मनही हिचंच?

"मालक, त्या फोल्डरचं नाव सकाळी मी बदललं. त्यानेच अडलं."

"का?"

"डोळ्यांत खुपत होतं."

"म्हणजे बिघडवलं तुम्ही, दुरुस्त केलंत तुम्ही. मग हिने काय केलं?"

ताईने उठून खुर्ची भावजयीकडे सरकवली. "बाकी सगळं."

ग्राहक जिना चढून वर येईपर्यंत नवं पॅनेल भावजयीकडे गेलं होतं.

"मग फोल्डरचं नाव परत चिमणी करू का, ताई?" तिने हळूच विचारलं.

"काही नको," ताई फणकारली. "तेवढं तरी माझं राहू दे."