बाळारामदादाचं नवं

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. बाळाराम पाटलाचं काम जाणार, हे मला आधी ठाऊक होतं.

भिवंडीतल्या आमच्या कापड कंपनीत तो विणकर होता. कंपनी मोठी, हेड ऑफिस मुंबईला. मी कामगार कल्याण खात्यात. मी वयानं धाकटा, तरी तो मला ‘सायेब’च म्हणायचा. ड्युटीवर आला की आधी लूमला हात लावून नमस्कार. धागा तुटला की तिच्यावरच खेकसायचा, “माहेरी पळायची घाई झालीय काय गं?” दुपारी वळ या आपल्या गावाहून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवायचा. “खा. हापिसातली मानसं चहावर जगतात, म्हनून पिवळी पडतात.”

कंपनीवर त्याचा फार जीव. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, “छोटा कारखाना म्हंजे विहीर, उन्हाळ्यात तळ दिसतो. कंपनी म्हंजे खाडी. ती आटत न्हाय.”

त्या वर्षी गणपतीनंतर फारूखशेठ या छोट्या कारखानदारानं त्याला आपल्याकडे बोलावलं. “बालाराम, जॉबर बन जा मेरे यहाँ. दशहरे तक रुकूँगा, फिर दूसरा आदमी रख लूँगा.” जॉबर म्हणजे विणकरांचा मुकादम. बाळारामसाठी ती मोठीच उडी होती.

त्याच सुमारास मॅनेजरनं मला आत बोलावून दार लावून घेतलं. “विणकाम खातं दिवाळीनंतर बंद होतंय. तोवर ऑर्डरी पुऱ्या व्हायला हव्यात. कुणी विचारलंच तर सांगा, आपण एक कुटुंब आहोत. तुमच्या हेड ऑफिसच्या बदलीचं मी बघतो.” तो हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता बाळारामनं विचारलं, “सायेब, लोक काय बाय बोलतात. तुमी आतली मानसं. शेठला काय सांगू?”

“कुठे जाताय दादा? इथं काही होत नाही.”

“मंग झालं,” तो म्हणाला. संध्याकाळी जाऊन शेठला नाही सांगून आला.

दसऱ्याला आमच्याकडे नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर गुंफून, पहिल्यांदा घराच्या दाराला. बाळारामनं ते पहिलं नवं लूमला आणून बांधलं. पूजेला आलेल्या पार्वतीवहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, “घराचं दार तसंच, नि मशीनीला नवं! ती काय भात रांधून घालनार हाय?”

“घालतेच की! गप.”

सगळे हसले. मॅनेजरनं नारळ फोडला, बाळारामच्या पाठीवर थाप मारली. मी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर गेटवर नोटीस लागली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मलाच वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झालं तरी तो हलेना. मग म्हणाला, “नवं तेवढं आत राहिलं हो. घराचं हाय ते. काढून आनतो.” वॉचमननं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

फारूखशेठनं तोवर दुसरा माणूस ठेवला होता. बाळाराम गोदामात कापडाच्या गाठी वाहू लागला. त्यातच त्याची कंबर गेली. मी हेड ऑफिसात गेलो. तिथं कळलं, एका माणसाशी नीट खोटं बोलता आलं की पुढं शेकड्यांशी बोलायचं काम मिळतं, आणि त्यालाच बढती म्हणतात.

पुढं एकदा अकलोलीच्या गरम कुंडावर तो भेटला. कंबर शेकत बसला होता. मला पाहून सरकला, शेजारी जागा केली.

“शेठला न्हाय म्हनालो, त्याचं मनाला लावून घेऊ नका सायेब. तुमाला तरी कुठं सांगितलं त्यांनी? तुमीबी आमच्यासारखेच फसलात.”

मी म्हणालो, “हो.”

पुढच्या वर्षी तो गेला. त्याला खरं सांगायचं राहून गेलं. पार्वतीवहिनी अजून वळ गावातच आहेत. निदान त्यांना तरी जाऊन सांगायला हवं. मी अजून गेलेलो नाही.