माशाचं बाळंतपण

आमच्या घरात एकाच महिन्यात दोन बाळंतपणं झाली. पहिलं माझ्या बायकोचं, दुसरं माशाचं. पहिल्यात मला कुणी हात लावू दिला नाही, म्हणून दुसरं मी अंगावर घेतलं.

राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदुरात तेव्हा अजून ताजं होतं. मल्हारगंजातल्या आमच्या घरात मात्र एक वेगळंच दुःख चालू होतं आणि ते माझ्या एकट्याचं होतं. सुमनचं माहेर देपालपूरचं. पावसात एवढा रस्ता नको, म्हणून पहिलटकरीण असूनही तिचं बाळंतपण आईने आमच्याकडेच केलं. मुलगी झाली. गुलाबी, टकली, मुठी आवळलेली! मी नुसता हात पुढे केला की मागून आईचा आवाज यायचा, "मान! अरे मान धर! दे इकडे!"

(मी घेतलेलीच नसायची, तर देऊ काय?)

मग मी दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचो. "एका जगी बस ना रे," आई ओरडायची, "नुसता हिंडून राहिला! पोरगी झोपते कशी?" पण बसवणार कसं? मला माझी लेक मांडीवर घ्यायची होती हो! सगळी गल्ली घेऊन गेली, फक्त बाप उरला होता.

माझी ही दशा पाहून स्नेहलतागंजातला माझा मित्र दत्तू एक दिवस फायटर माशांची जोडी घेऊन आला. त्याच्या रेल्वेतल्या भावाने ती मुंबईहून आणली होती. "ले भिया, रख. तुझं मन लागेल," म्हणाला. लोणच्याची काचेची बरणी घासूनघासून धुतली आणि खिडकीत ठेवली. नर लालभडक, शेपूट शालीसारखी मिरवणारा. त्याने पाण्यावर फेसाचं घरटं केलं आणि बघता बघता त्यात अंडी!

"मादीला अब्बी के अब्बी बाहेर काढ," दत्तू म्हणाला. "खाऊन टाकते ती. पोरं नर सांभाळतो. आणि पोरं पोहायला लागली, की त्यालाही काढायचं."

मी मादीला तपेलीत काढलं आणि घरात हलकल्लोळ झाला.

"ओल्या बाळंतिणीला लेकरांपासून तोडतोस?" आई कडाडली.

"अगं, ती खाते पोरांना!"

"कोणती आई खाते रे? शरम कर!" असं म्हणून आईने सुमनसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवाचा चुरा त्या तपेलीत टाकला. (मादीने तो मटकावला. बाळंतिणीचा मान कुणाला नको असतो?)

अंडी फुटली. पिल्लं म्हणजे फेसाला लोंबणारे नुसते स्वल्पविराम! एखादं निसटून खाली पडलं की नर धावायचा, त्याला तोंडात धरायचा आणि परत फेसात नेऊन चिकटवायचा. दिवसभर हेच. सुमन खाटेवरून बघत बसायची.

"बघा," ती एकदा म्हणाली, "कसा एकेक उचलतोय. न कंटाळता."

"मला उचलू देतं का कुणी?"

यावर आई खोलीच्या दारात उभी राहिली. "बरं, तू आधी ही पोरं जगवून दाखव. बारशापर्यंत एक जरी जगलं ना, तर पोरगी तुझ्या मांडीवर देते. मग मी हात नाही लावणार, जा!"

झालं! माझी झोप उडाली. ऑफिसातून दुपारी सायकल मारत घरी यायचो, बरणीला नाक लावायचो आणि परत जायचो. साहेबांनी विचारलं, "घर में सब ठीक?" मी म्हणालो, "जी, बच्चे लटक रहे हैं." साहेबांनी घाईघाईने फायलीत डोकं घातलं.

बारशाच्या आदल्या सकाळी पिल्लं आडवी पोहायला लागली. मी नराला मुरांब्याच्या बरणीत काढलं आणि पोरांच्या पहिल्या जेवणाला लागलो. दत्तूने सांगितलं होतं, उकडलेल्या अंड्याचा बलक मऊ कपड्यातून पाण्यात गाळायचा आणि सुईच्या टोकाएवढा द्यायचा. मऊ कपडा दोरीवर सापडला. गाळला, पिळला, परत दोरीवर टाकला आणि ऑफिसला पळालो.

तो कपडा लेकीचं दुपटं होतं.

दुपारी येतो तो घरात धावपळ! "पिवळंजर्द झालंय पोरीला! आणि वास तर काय!" आई सहाणेवर घुटी उगाळत होती आणि सुमन रडत होती. लेक मात्र मजेत अंगठा चोखत होती. मी दुपटं पाहिलं आणि ओळखलं.

"आई, ते तिचं नाही. ते... माशांचं आहे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, उगाळलेली घुटी आता मलाच पाजणार. पण ती नुसती म्हणाली, "त्या पोरांची काळजी नको करू. मी सोय केली."

"कसली सोय?"

"बापही काढलास तू! मग त्यांना बघणार कोण? मी त्यांच्या आईला परत सोडलं."

मी बरणीकडे धावलो. मादी एकटीच संथ फिरत होती, पोट टम्म फुगलेलं. पिल्लू औषधाला नाही! आई शेजारी येऊन वाकली. बरणीत इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "खरंच खाल्ली रे मेलीने?" तिचा चेहरा इतका उतरला होता, की मला ओरडताही येईना. मी हरलो होतो आणि वाईट दोघांनाही वाटत होतं.

बारशाला घर भरलं. आत पाळणा, गाणी, घुगऱ्या. मी खिडकीपाशी तोंड पाडून उभा. शेजारच्या कांताभाभी घुगऱ्या खात नराची बरणी बघायला आल्या आणि किंचाळल्या, "अरे भैया, इसमें तो बच्चा है!"

होतं! नराच्या बरणीत एकच स्वल्पविराम वळवळत होता. मी नराला काढलं तेव्हा पठ्ठ्याच्या तोंडात एक पिल्लू राहिलं होतं आणि त्याने ते नव्या घरी आणून सोडलं होतं.

"आई! एक जगलं!"

आईने बरणीत पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, पाळण्यातून लेकीला उचललं आणि भरल्या घरात माझ्या मांडीवर ठेवलं. मी मान धरली. ती माझ्याकडे बघत होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात मांडी गरम झाली. नवं धोतर चिंब!

"आई, घे गं हिला!"

"मी हात नाही लावणार," आई घुगऱ्या चघळत म्हणाली. "शब्द दिलाय."

"बदला दुपटं," सुमन म्हणाली. "फक्त तिला तोंडात धरू नका."

तेव्हापासून दुपटी माझ्याकडे लागली. मागून घुटी आली, अंघोळ आली, रडणं थांबवणं आलं. दत्तूने सांगितलं होतं, पोरं पोहायला लागली की नराला बाहेर काढायचं असतं. आमची लेक रांगली, चालली, शाळेत गेली, मागून तिला दोन भाऊ झाले. मला बाहेर काढायला कुणी आलं नाही!