बोळातला ओटा

ढोकी गावात अयोध्याबाईंची पिठाची गिरणी बंद असली, तरी त्यांचा आवाज चालू असतो. गिऱ्हाइकाला पीठ देताना सोबत चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना करमत नाही. पण त्यांचा खरा दावा थोरल्या जावेशी, द्वारकाबाईंशी. वाटणी झाली, दोन घरांमध्ये सामाईक बोळ तेवढा उरला आणि बोलणं तुटलं.

गिऱ्हाइकांचे डबे ठेवायला गिरणीच्या दारात, म्हणजे बोळातच, ओटा हवा होता. मागच्या खेपेला टाकलेला सिमेंट-वाळूचा ओला माल द्वारकाबाईंनी फावड्यानं ओढून गटारात लोटला होता. तेव्हापासून अयोध्याबाई दातओठ खात होत्या. जाऊबाई लग्नाला मुरूम गावी गेल्या आणि यांनी लगेच बजरंग गवंड्याला गाठलं.

"लवकर घट्ट हुणारं सिमेंट आण. ती बया यायच्या आत दगड झाला पायजे."

"हुतंय की. पण आठवडाभर पाणी मारावं लागंल."

"घट्ट झाल्यावर कशाला पाणी?"

पाण्याचं बोअर तेवढं द्वारकाबाईंच्या अंगणात होतं. बजरंगला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं विषय वाढवला नाही.

त्याच दिवशी ओटा बांधून झाला. दुसऱ्या दिवशी जाऊबाई परतल्या, तेव्हा अयोध्याबाई पदर खोचून दारात उभ्याच होत्या. द्वारकाबाईंनी ओटा पायानं दाबून पाहिला. कपाळाला आठ्या पडल्या.

"डाव साधलास व्हय? आता फोडून तरी काय करू! पाणी मार त्येला, न्हायतर टिकायचा न्हाय. आमचा पाईप घे."

"तुमच्या पाण्यावाचून आमचं अडलं न्हाय!"

सकाळी पाहतात तर ओट्यावर ओली पोती अंथरलेली. अयोध्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकेक पोतं उचलून त्यांनी जावेच्या अंगणात भिरकावलं. चैत्राच्या उन्हात ओटा कोरडाच तापत राहिला आणि त्या त्याच्याकडे अभिमानानं बघत राहिल्या.

पावसाळ्याआधीच वरचा थर भुगा होऊन झाडूबरोबर येऊ लागला. मग चिरा पडल्या. दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या सोनालीनं ज्वारीचा डबा टेकवला आणि कोपरा डब्यासकट गटारात गेला. चूक आपली, हे अयोध्याबाईंना तिथंच कळलं. तरी त्या सोनालीवरच खेकसल्या.

आता बायका डबे समोर, द्वारकाबाईंच्या जुन्या दगडी ओट्यावर ठेवतात. प्रत्येक दळणाला अयोध्याबाईंना बोळ ओलांडून जावं लागतं. त्या जातात, वर न बघता डबा उचलतात. तिथं बसलेल्या द्वारकाबाई पाय बाजूला घेतात.