मार्चमध्ये छाटलेले गुलाब

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर मला झोपच लागणार नाही!

बदलापुरात आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका एकटेच राहतात. मुलगी कॅनडात. दर रविवारी तिचा फोन येतो आणि दोघांचं बोलणं फक्त गुलाबांवर. मार्चमध्ये ती म्हणाली, "बाबा, आता छाटा, इथे सगळे छाटतायत." काकांनी छाटले! अरे यार, बदलापुरात मार्च म्हणजे कडक ऊन. फांद्या काळ्या पडल्या.

तेव्हापासून काका कापलेल्या टोकांना हळद लावतात, कुंड्यांवर जुनी चादर बांधतात आणि रोज झाडांना विचारतात, "काय मंडळी, आज तरी?"

मी म्हटलं, "काका, तिला सांगून टाका ना."

"छे गं. मग ती सल्ला द्यायचीच बंद होईल."

आज व्हिडिओ कॉल आला तसे काका जिन्यातून ओरडले, "तुझा गुलाब आण गं, पटकन!" माझ्या फुललेल्या कुंडीवर त्यांनी मोबाईल धरला. "बघ, तुझं ऐकलं म्हणून!" ती जाम खूश.

फोन ठेवल्यावर काका हळूच म्हणाले, "राहू दे का इथेच, पुढच्या रविवारपर्यंत?"

मी ठेवून आले. तुम्हालाही कोणी असं आपल्या खोट्यात सामील करून घेतलंय का? तुम्हाला नाही म्हणता आलं?