उलटी वाहणारी नदी

पारनेरच्या शाळेत शामकांत मास्तरांनी वीस वर्षं भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो १९७१ साली, कोकणातल्या मेव्हण्याकडे गेल्यावर. खाडीकाठच्या सरकारी वनात, खारफुटीच्या कडेनं ते सारखे पुढंमागं फिरत होते.

"अहो, घटकाभर बसा की," बायको इंदू म्हणाली.

एवढ्यात भरती लागली. समुद्राकडे निघालेली नदी थांबली आणि हळूहळू उलटी वाहू लागली.

"इंदू, हे मी पोरांना कधी सांगितलंच नाही!"

"पुस्तकात नव्हतं?"

"होतं. एकच ओळ. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मीच गाळायचो."

दुपारची एसटी त्यांनी सोडून दिली आणि ओहोटी लागेपर्यंत काठावर येरझाऱ्या घालत राहिले.