करंजावरची छत्री

आमच्या फाटकापाशी इस्त्री करणाऱ्या पांडूकाकांनी आज त्यांची छत्री करंजाच्या रोपावर बांधली होती आणि स्वतः उन्हात उभे होते. फांद्या पडतात म्हणून सोसायटीनं तिथला गुलमोहर तोडला, तेव्हा आपल्याच मातीतलं सावलीचं झाड लावू, असं मीच सुचवलं होतं.

“मॅडम, याची सावली कधी पडेल?”

“आठ-दहा वर्षं तरी लागतील.”

“तोवर माझी हातगाडी राहू देतील ना इथं?”

झाड लावताना सावलीचा विचार केला होता. तिच्यात कोण उभं असेल, हे मनातही आलं नव्हतं. हातगाडी हटवण्याच्या अर्जावर परवा मीही सही केली होती. मी खाली बघत करंजाला पाणी घालत राहिले.